वहिनींचा फॉर्म दोन की तीन?

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला दुकानदार मंडळी चहाला टेकली की पाऊस, मासळीचे भाव, टुरिस्ट कुठे गेले हे विषय ठरलेले असतात, यंदा त्यात पार्टनरशिप फर्मच्या रिटर्नची भर पडलीय. कारण १ एप्रिल २०२५पासून फर्मनं पार्टनरला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर) कापायचा असं १९४टी नावाचं कलम आलं, आणि ते आल्यानंतरचं पहिलं रिटर्न आता भरायचंय. वाद घालणारे दोन गट आहेत. एक गट म्हणतो, धंदा करता, गाडी घेता, पोरांना बेळगाव-पुण्याला शिकवता, मग सीएला दहा हजार द्यायला का जिवावर येतं, सरकारनं काय तुमचं रिटर्न फुकट भरून द्यायचं? दुसरा गट म्हणतो, हे सगळं लहान माणसाला छळायला काढलेलं आहे, वसुली हवीय बस. तास-तास हे चालतं आणि शेवटी कोण किती फी घेतो यावर येऊन थांबतं. मला दोन्ही गटांचं पटत नाही, आणि हा वाद फीवर घालणं हेच मुळात चुकलंय असं माझं मत आहे.

माझं म्हणणं एवढंच, की लहान फर्मला रिटर्न फुकट भरून नकोय, पोर्टलवर आणखी चार रंगीत बटणंही नकोत. तिला हवंय कायद्याच्या प्रश्नाचं लेखी उत्तर, ज्याच्याखाली कुणाची तरी सही आहे आणि जे उद्या आयकर खात्यालाच नाकारता येणार नाही. आणि हे गोव्याला बाकी राज्यांपेक्षा जास्त हवंय, कारण आमच्याकडे नवरा-बायकोच्या उत्पन्नाचा हिशेबच कायद्यानं वेगळा आहे.

हवेत बोलत नाही, आकडे घेऊ. माझे दोघं मावसभाऊ, फोंड्याला हार्डवेअरचं दुकान, बरोबरीचे पार्टनर. समजा वर्षाचा नफा, पार्टनरचा पगार काढायच्या आधीचा, ८ लाख. कलम ४०(बी) सांगतं की पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यातलं जे जास्त ते, आणि वरच्या रकमेवर ६० टक्के, एवढाच पगार खर्च म्हणून धरता येतो. म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक १ लाख २० हजार, झाले ६ लाख ६० हजार. उरले १ लाख ४० हजार, त्यावर फर्मला सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, मिळून ४३,६८० रुपये. फर्मला माणसासारखी सूट नसते हो, पहिल्या रुपयापासून कर, आणि रिटर्न तर नफा असो तोटा असो भरावंच लागतं. इथपर्यंत ठीक. आता पगाराच्या ६ लाख ६० हजारांवर १० टक्के टीडीएस म्हणजे ६६ हजार, प्रत्येक भावाच्या नावावर ३३ हजार. प्रत्येकाचं उत्पन्न ३ लाख ३० हजार, नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही, म्हणजे सगळा टीडीएस परत मिळायचा.

पण थांबा, हे गोवा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेली पद्धत, आणि आयकराचं कलम ५अ म्हणतं की नोकरीचा पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटून लावायचं. आता इथं ‘पगार’ हा शब्दच फसवतो. फर्मकडून पार्टनरला मिळतो तो पगार आयकराच्या लेखी पगार नव्हेच, तो धंद्याचा नफा धरला जातो. म्हणजे सरकारी कारकुनाचा पगार वाटत नाहीत पण पार्टनरचा पगार वाटायचा! मग भावाचे १ लाख ६५ हजार, वहिनींचे १ लाख ६५ हजार, टीडीएस साडेसोळा-साडेसोळा हजार. सगळा टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो नवऱ्याच्या पॅनवर, अर्धा मागायचा बायकोच्या रिटर्नमध्ये, त्यासाठी नवऱ्यानं शेड्यूल ५अ, म्हणजे रिटर्नमधला या वाटणीचा तक्ता, नीट भरायचं. हिशेब करा, फर्मचं एक रिटर्न, दोन भावांची दोन, दोन वहिन्यांची दोन, मिळून पाच. वर फर्मला टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर), चलन, दर तिमाहीचं टीडीएस रिटर्न, ते चुकलं तर दिवसाला २०० रुपये. आणि हा खटाटोप कशासाठी, तर जे ६६ हजार कुणीच कर म्हणून देणं लागत नाही ते परत मिळवण्यासाठी.

आता खरा प्रश्न. वहिनींनी रिटर्नचा फॉर्म कुठला भरायचा? एक नंबरचा आणि चार नंबरचा ५अवाल्यांना चालत नाही, हे स्पष्ट आहे. उरला दोन की तीन. दोन नंबर ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही त्यांचा. वहिनींचा धंदा नाही, पण त्यांच्या वाट्याला आलेलं उत्पन्न धंद्याचं आहे. आम्ही दोन जाणत्या माणसांना विचारलं, एक म्हणाले दोन, एक म्हणाले तीन, दोघंही छातीठोकपणे. दुसरा प्रश्न, भाऊ दर महिन्याला गल्ल्यातून १५ हजार उचलतात, तो पगार की नुसती उचल? पगार असेल तर टीडीएस त्या-त्या वेळी, उचल असेल तर टीडीएसच नाही, आणि मग पगार ३१ मार्चला नफा काढून एकदाच पार्टनरच्या खात्यावर जमा करायचा. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, त्याबद्दल एक ओळ आहे, ती दोन्हीकडे वाचता येते (डीड ज्यांनी लिहिलं ते आता हयात नाहीत, त्यामुळे तेही विचारायची सोय नाही). एका मदतीच्या खिडकीवर हेच विचारलं तर समोरची मुलगी अगदी अदबीनं म्हणाली, सर, लॉगिन होत नसेल तर मी मदत करते, बाकीचं तुमच्या कन्सल्टंटना विचारा. तिची चूक नाहीच. तिला बटणं सांगायला बसवलंय, कायदा सांगायला नाही.

म्हणूनच मला दोन्ही गटांचं भांडण वरवरचं वाटतं. सीएला फी द्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो साधा मुद्दा नाही. धंद्याचा हिशेब ठेवणं हा धंद्याचाच खर्च आहे, तो फर्मच्या नफ्यातून वजाही होतो, मग शेतकऱ्यानं, पोदेरानं (पाववाल्यानं), मोटारसायकल पायलटनं भरलेल्या करातून हार्डवेअरवाल्याचं रिटर्न का भरून द्यायचं? नका देऊ. २००६ साली सरकारनं टॅक्स रिटर्न प्रिपेअरर नावाची योजना काढली, तरुणांना शिकवून लोकांची रिटर्नं भरायला पाठवायची, ती व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांसाठीच होती, फर्म बाहेर. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण फी देऊन सीए काय देऊ शकतो आणि काय नाही हे बघा ना. तो मत देतो. चांगला असला तर चांगलं मत देतो. पण उद्या नोटीस आली की ‘आमच्या सीएनं सांगितलं होतं’ हे वाक्य कर वाचवत नाही, दंडाच्या वेळी फार तर सहानुभूती मिळवून देतं. जो कायदा लावणार त्यानं आधी सांगायचं नाही, आणि जो सांगणार त्याचं कुणी धरायचं नाही, मग दहा हजार फी देऊन फर्मनं विकत काय घेतलं? भरवसा तर नक्की नाही.

कुणी म्हणेल हे आजचं रडगाणं, पूर्वी कुठं कुणाला लेखी मिळत होतं? पूर्वी मिळत होतं, आणि ते इथंच, गोव्यात. १५२६ साली पोर्तुगीजांच्या महसुलाचा मुख्य आफोंसु मेशिया यानं इथल्या गावकारींच्या चालीरीती लिहून काढल्या, त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. गावकारी म्हणजे आजच्या भाषेत बघितलं तर भागीदारीच होती, जमीन सामाईक, राज्याचा सारा गावानं मिळून भरायचा, गावाचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकरांत जोण म्हणून वाटायचं. फर्मनं आधी कर भरायचा आणि नफ्याचा वाटा पार्टनरच्या हातात करमुक्त, हे कलम १०(२अ) वाचताना मला दर वेळी गावकारी आठवते. गाव जिंकून पंधरा-सोळा वर्षं झालेला परका सत्ताधीश, भाषा कळत नाही, धर्म वेगळा, तरी त्यानं कोण किती देणं लागतो आणि कुठल्या रीतीनं हे लिहून का ठेवलं? प्रेमापोटी नव्हे हो. लिहून ठेवल्याशिवाय सारा नीट वसूल होत नाही हे त्याला कळलं होतं म्हणून. आणि गावाचा हिशेब लिहायला गावाचाच कुळकर्णी होता, त्याचं लिखाण दोन्ही बाजूंना धरावं लागायचं. फोरालनं सगळं रामराज्य आलं असं मी म्हणत नाही, पुढं त्याच राजवटीनं कित्येक कर इजाऱ्यानं वसूल करायला दिले, रेंदेर, म्हणजे तो इजारा घेणारे लोक, मधे बसले आणि राज्य आणि रयत यांच्यात जो बसतो तो दोघांकडूनही कमावतो हे गोव्यानं बघितलं. आजचा सीए म्हणजे रेंदेर असं म्हणणं अन्याय होईल, तुलना तिथं ताणू नये. पण राज्य स्वतः उत्तर द्यायला तयार नसलं की मधली माणसं वाढतात, एवढं तरी त्यातून घ्यायला काय हरकत आहे?

आणि दुसरा दाखला तर आपल्याच राज्यातला, मुक्तीनंतरचा. भारताचा आयकर कायदा गोव्याला १ एप्रिल १९६३पासून लागू झाला. सामाईक मालमत्तेचं उत्पन्न कुणाच्या नावावर धरायचं, नवऱ्याच्या, दोघांचा मिळून एक गट धरून, की अर्धं-अर्धं, यावर किती वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. शेवटी १९९४ साली कलम ५अ घातलं आणि ते मागे जाऊन १९६३पासूनच लागू धरलं. म्हणजे आधी एकतीस वर्षं भांडलो आणि मग उत्तर पहिल्या दिवसापासून लागू झालं. हे उत्तर १९६३ सालीच एका कागदावर कुणी दिलं असतं तर? दुकानं बंद करून वकिलांकडे खेपा घालणाऱ्या त्या पिढीनं हा प्रश्न नक्की विचारला असेल.

आता समोरच्यांचा सगळ्यात जड मुद्दा, जो चहाच्या टेबलावर कुणी नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. माणसांना माणसांसमोर बसवलं की चहापाणी येतं. खिडकी, केबिन, ओळखीचा साहेब, दिवाळीचा डबा, हे सगळं आपण बघितलंय आणि खात्यानं फेसलेस पद्धत आणली ती याच कारणानं, तुमची केस कुठल्या शहरातला कुठला अधिकारी बघतोय हेच कळत नाही. त्याचा फायदा खरा आहे, मी स्वतः तो घेतलाय, पूर्वी ज्या कामाला चार खेपा लागायच्या ते घरी बसून झालं. मग परत अधिकाऱ्यासमोर बसवा म्हणणारा मी मागे चाललोय का? नाही, कारण मी केबिन मागतच नाहीये. प्रश्न ऑनलाइन घ्या, नाव झाका, दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्याकडून उत्तर घ्या, छापून टाका सगळ्यांना दिसेल असं. फेसलेस राहूनच उत्तर देता येतं. तोंड लपवा हवं तर, सही लपवू नका.

यावर लगेच म्हणतात, असं केलं तर प्रश्नांचा पूर येईल, खात्याला दुसरं काम उरणार नाही. गंमत अशी की ही सोय आयकरात आधीच आहे! ॲडव्हान्स रूलिंग म्हणतात तिला, आधी विचारा, आधी उत्तर घ्या. फक्त भारतात राहणाऱ्या साध्या करदात्याला त्यासाठी व्यवहार १०० कोटींचा किंवा वरचा लागतो. १०० कोटीवाल्याच्या दारात तर सल्लागारांची रांग असते, त्याला आधीचं उत्तर मिळतं, आणि फोंड्याच्या हार्डवेअरवाल्यानं, ज्याला ते खरं हवंय, त्यानं अंदाजानं भरायचं आणि नशिबावर सोडायचं. हा न्याय कुठला? आणि पूर येतो म्हणणाऱ्यांनी जीएसटीकडे बघावं. तिथं २०१७पासून नोंदणी असलेला कुणीही, कितीही लहान असो, फी भरून आधी रूलिंग मागू शकतो, फी केंद्राचे पाच हजार आणि राज्याचे पाच हजार. वेळ लागतो, सगळी रूलिंग चांगली असतात असंही नाही, पुष्कळदा ती खात्याच्याच बाजूनं झुकलेली वाटतात, पण पुरात कुणी वाहून गेलेलं दिसलं नाही. फी ठेवली की फालतू प्रश्न आपोआप गळतात. त्याच दुकानदाराला एका करात विचारायचा हक्क आहे आणि दुसऱ्या करात नाही, याचं कारण मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

‘एवढं कशाला, ४४एडी घ्या, ८ टक्के दाखवा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला तर दर दुसऱ्या माणसाकडून मिळतो. ४४एडी म्हणजे वही न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरायची सोय. हिशेब करून बघितलाय का कुणी? ५० लाखांची उलाढाल, ८ टक्के म्हणजे ४ लाख. ४४एडीत गेलात की पार्टनरचा पगार आणि व्याज त्यातून वजा करता येत नाही, ती सोय २०१७-१८च्या असेसमेंट इयरपासून गेली. म्हणजे ४ लाखांवर ३० टक्के आणि सेस, १,२४,८०० रुपये. तोच ४ लाखांचा नफा वही ठेवून दाखवला तर ३ लाख ६० हजार पगार जातो, ४० हजार उरतात, कर १२,४८०. दहा पट फरक! आणि एकदा ४४एडीत शिरून बाहेर पडलात तर पाच वर्षं परत आत येता येत नाही, ऑडिट मागे लागतं ते वेगळंच. एकट्याच्या दुकानाला बरा असलेला हा रस्ता फर्मला खड्ड्यात नेतो, आणि हे सांगणारं कुणी नसतं.

मग अमेरिकेत बघा कसं छान आहे, असं म्हणणारेही एक-दोघं असतातच, कुणाचा ना कुणाचा मुलगा तिथं असतो. तिथं फर्म स्वतः कर भरत नाही, फॉर्म १०६५ भरते आणि प्रत्येक पार्टनरला के-वन नावाचा कागद देते, कर ज्याचा त्यानं भरायचा. ऐकायला सोपं, पण उशीर झाला तर दंड दर महिन्याला पार्टनर मोजून लागतो, आणि तिथली स्वयंसेवकांची फुकट मदत पार्टनरशिपचं रिटर्न करतच नाही. तेव्हा स्वर्ग तिथंही नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, खात्याच्या आतच करदात्याची बाजू मांडायला कायद्यानं बसवलेली टॅक्सपेअर ॲडव्होकेट सर्व्हिस. आपल्याकडे तसं काहीसं होतं, २००३ साली करदात्यांच्या तक्रारी ऐकणारा इन्कम टॅक्स ओंबुड्समन आला, २०१९ साली सरकारनं ते पद काढून टाकलं, तक्रारी कमी येतात आणि आता ऑनलाइन सोयी आहेत म्हणून. तक्रारीला ऑनलाइन सोय आहेच, नंबर मिळतो, काही दिवसांनी ‘निकाली’ असं लिहून येतं. पण वहिनींची तक्रार नाहीच मुळी, त्यांचा प्रश्न आहे. तक्रार म्हणजे काहीतरी बिघडल्यावर, प्रश्न म्हणजे बिघडायच्या आधी. आपल्या सगळ्या सोयी बिघडल्यानंतरच्या आहेत.

नव्या कायद्यानं हे सुटेल असं म्हणून थांबणाऱ्यांना मी समजू शकतो. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ आला, ५३६ कलमं, भाषा सोपी, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं, बरं झालं, माझ्या भावाला गेली वीस वर्षं आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयर यातला फरक कळत नव्हता. पण पोर्तुगीज सिव्हिल कोडची वाटणी त्यातही आहे, पार्टनरच्या पगारावरचा टीडीएसही आहे. वाक्य सोपं झालं म्हणून गल्ल्यातून उचललेले १५ हजार पगार की उचल हे ठरत नाही. ते कुणीतरी ठरवावं लागतं. २०२५ साली रिटर्नची मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, आणि शेवटी आणखी एक दिवस, १६ सप्टेंबर. फॉर्म बदलले, त्यांची सॉफ्टवेअरं तयार व्हायला वेळ लागला म्हणून खात्यानं स्वतःला वेळ घेतला, त्यात मला वावगं वाटत नाही. पण खात्याला फॉर्म समजायला दीड महिना जास्त लागतो तर फोंड्याच्या माणसाला एक ओळीचं उत्तर मागायचा हक्क का नसावा?

२०२० साली १३ ऑगस्टला टॅक्सपेअर्स चार्टर जाहीर झाला, त्यात खात्यानं चौदा वचनं दिली, त्यातलं एक असं की कायदा राबवताना करदात्याला ते पाळायला येणारा खर्च लक्षात घेऊ. चांगलं वचन आहे, मनापासून म्हणतो. मग ज्यांचा शून्य कर आहे अशा चार माणसांच्या चार रिटर्नांचा खर्च आणि ६६ हजारांच्या रिफंडसाठीची वाट, हे कुठल्या वहीत लक्षात घेतलंय? गोवा, दादरा-नगर हवेली, दमण-दीव, एवढ्याच मुलखाला ५अ लागतं. एवढ्या लहान मुलखासाठी पन्नास-साठ नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं, मराठी-कोंकणी-इंग्रजीत, खाली तारीख आणि अधिकाऱ्याचं पद घालून, वर्षातून एकदा छापायची. याला किती माणसं लागतील? एका पंचायतीच्या ऑफिसात असतात त्याहून जास्त नाहीत.

परवा रात्री फोंड्याला जेवायला गेलो होतो. भाऊ लॅपटॉप घेऊन बसला होता, वहिनींनी शेवटी तीन नंबरचा फॉर्म घ्यायचा ठरवलाय, कारण तो सांगणारा माणूस वयानं मोठा होता म्हणे. धंद्याचं स्वरूप विचारणारा रकाना आला तसा भाऊ थांबला. वहिनी भांडी आवरून पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावून स्क्रीनकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, भावजी, इथं काय घालू? मी तर दुकानात कधी बसलेच नाही.